बत्तीस खाती

सोलापुरात माणसाचे दात शाबूत आहेत की नाहीत हे बघायला डॉक्टर लागत नाही. त्याच्यापुढे कडक भाकरी ठेवावी आणि गप्प बसून ऐकावं. ‘कट्’ असा आवाज आला, तर गडी ठणठणीत. भाकरी आमटीत बुडवून तो खिडकीबाहेर बघत बसला, तर दाढेत काहीतरी शिजतंय असं समजावं. आणि ‘आज जरा भातच घेतो, भाकरी नको’ असं म्हणाला, तर पुढे काही विचारू नये. आधीच दुखावलेल्या माणसाला आणखी दुखवू नये.

मी गेली दोन वर्षं भात घेत होतो.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो, कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी नव्हे. (असं आमच्या एका पुणेकर साडूंनी आमच्याच पाटावर बसून म्हटलं होतं. त्यानंतर त्यांचं आमच्याकडे जेवणं कमी झालं.) ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची आणि अंगातलं पाणी संपेपर्यंत भाजायची. मग ती दिवसेंदिवस टिकते. सोबत शेंगाची चटणी आणि दही. आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्वारी सरकारी कागदावर चढली; ती चावायची कशाने, ही जबाबदारी मात्र ज्याची त्याच्यावर राहिली.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम. त्यामुळे देवाने दिलेल्या कुठल्याही वस्तूकडे मी खातं म्हणूनच बघतो. तोंडात बत्तीस खाती. सकाळी दोन मिनिटं, रात्री झोपताना दोन मिनिटं, असा दिवसाला चार मिनिटांचा हप्ता. एवढ्या हप्त्यावर एवढी मालमत्ता दुसरी कुठलीही बँक देणार नाही. पण माणसाचा स्वभावच असा, की हप्ता जितका लहान तितका तो चुकवायचा मोह मोठा.

आमच्याकडे कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांवर थकला की खातं ‘अनुत्पादक’ होतं. मग पायऱ्या लागतात. आधी दुय्यम, मग संशयित, आणि शेवटी बुडीत. माझ्या खालच्या जबड्यातली डावी दाढ या पायऱ्या एखाद्या शहाण्या मुलीसारखी ओळीने उतरत गेली. सुरुवातीला नुसता काळा ठिपका होता. शाखेत दंततपासणीचं शिबिर भरलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तो बघून सांगितलं, “लहान खड्डा आहे. भरून घ्या. आठशे रुपयांत होईल.” मी म्हणालो, “बघू.”

‘बघू’ हा आमच्या धंद्यातला शब्द. ज्याला कर्ज द्यायचं नसतं त्याला आम्ही तो सांगतो. दाढेला तो कळला नाही. तिने आपला अर्ज चालू ठेवला. आधी थंड पाणी लागायला लागलं. मग चहा लागायला लागला. मग मी डाव्या बाजूचा सगळा व्यवहार उजव्या शाखेकडे वर्ग केला आणि दोन वर्षं काढली.

हिशेब तुंबला तो संक्रांतीला. सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक रस्ताभर दिसतात, आणि पोरंबाळं गड्ड्यावरच्या पाळण्यांकडे धावतात. अशा मंगल दिवशी शेजारच्या काकूंनी हातावर लाडू ठेवला. पाक जरा पुढे गेला होता. “तिळगूळ घ्या, गोड बोला,” काकू म्हणाल्या. मी घेतला. पुढचे दोन दिवस मला कडूसुद्धा बोलता आलं नाही.

दाढदुखीचं एक बरं असतं. ती रात्री येते. दिवसा डॉक्टर उघडे असतात ना! पहिल्या रात्री आईने दाढेत लवंग धरायला दिली. सौ.ने मिठाचं कोमट पाणी आणून दिलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ लुंगीवर खाली आले आणि म्हणाले, “डोकेदुखीची गोळी चुरगाळून हिरडीवर दाबून ठेवा.” लवंगेने थोडा वेळ बरं वाटलं, मिठाच्या पाण्यानेही वाटलं. गोळीने मात्र हिरडी भाजली. पुढे डॉक्टरांकडून कळलं, की लवंगेच्या तेलात बधिरता आणणारं द्रव्य खरोखरच असतं, आणि गोळी हिरडीवर ठेवणं म्हणजे आम्लाने चटका देणं. पण लवंग दुखणं झोपवते, खड्डा बुजवत नाही. वसुलीसाठी आलेल्या माणसाला चहा पाजला म्हणून कर्ज फिटत नाही, तसंच.

दुसऱ्या दिवशी शाखेत सुजलेला गाल घेऊन गेलो. आमचे कॅशियर नोटा मोजता मोजता म्हणाले, “काय बे, गाल धरून काय बसलालास? काढून टाक की! एक गेली तर एकतीस राहतात. बत्तीस घेऊन काय करतोस बे?” रोकड सांभाळणाऱ्या माणसाने शिलकीविषयी इतकं बेफिकीर असावं, याचं मला आश्चर्य वाटलं. अधिकारी म्हणाले, “दाढ काढू नका, डोळ्याची शीर तिथूनच जाते.” शिपायाने गावाकडच्या एका बाईचा पत्ता दिला. ती रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा बाहेर पाडते म्हणे. तिघांनीही आपापलं अगदी छातीवर हात ठेवून सांगितलं. डोळ्याचा आणि दाढेचा असा संबंध नसतो आणि दाढेत किडा असा नसतोच. तोंडातले जंतू गोडधोडावर जगतात, त्याचं आम्ल करतात, आणि ते आम्ल दात विरघळवतं. दातावरचं कवच हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण एकदा झिजला की हाड जुळतं तसा तो पुन्हा जुळत नाही. हे सगळं मला नंतर समजलं. त्या दिवशी मी तिघांनाही “बघू” एवढंच म्हणालो.

घाबरत होतो, दुसरं काय!

ही भीती माझ्या एकट्याची कमाई नव्हे. वारसाहक्काने आलेली आहे. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, गिरणीत होते. पहाटे भोंग्याच्या आधी उठायचे, तळहातावर राखुंडी घ्यायचे, आणि बोटाने दात घासत घासतच चप्पल शोधायचे. दात दुखला की काढायचा, हा त्यांचा नियम. दात भरायचा तर चार खेपा, म्हणजे चार खाडे. काढायचा तर एक. गिरणीच्या पगारावर त्यांचा हिशेब चुकला असं म्हणायला मी आज बी. कॉम. असूनही धजत नाही. एकेक करत दात गेले, पुढे गिरणीही गेली, आणि पन्नाशीत अण्णांच्या तोंडात नऊ दात उरले होते.

मग आई त्यांच्यासाठी कडक भाकरी लोखंडी खलबत्त्यात कुटायची. त्या चुऱ्यावर दूध घालून अण्णा चमच्याने खायचे आणि आमच्या ताटांकडे बघायचे नाहीत. हसू आलं की तोंडावर तळहात धरायचे. पुढे कवळी आणली. पण ती टोचायची, म्हणून वाटीतच असायची. लग्नकार्याला तेवढी बाहेर पडायची, आईच्या पैठणीसारखी. घरातल्या एकाही फोटोत अण्णांचं तोंड उघडं नाही.

जानेवारीच्या शेवटी चिरंजीवांचा आठवा वाढदिवस झाला. कन्या दहावीत आहे आणि मोबाइलवर फोटो काढण्यात पदवीधर आहे. कुणीतरी काही बोललं, सगळे हसले, मीही हसलो. ती म्हणाली, “पप्पा, तोंडावरचा हात काढा ना. आजोबांच्या फोटोसारखं दिसतंय.”

तिने आजोबांना पाहिलेलं नाही. फोटोच पाहिलेत.

त्याच रात्री पाणी प्यायला उठलो तर ओट्यावर खलबत्ता दिसला. अण्णा गेल्यापासून तो माळ्यावर होता. आता खाली आला होता, घासूनपुसून पालथा घातलेला. सकाळी आईला विचारलं, “हा कशाला काढलास?”

“असू दे रं,” ती म्हणाली. “लागंल.”

दोन वर्षं मी भात का घेतोय, हे तिच्याशिवाय कुणीच विचारलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही. नुसता खलबत्ता काढला.

मला राग आला, म्हणजे लाज वाटली. आणि लाज वाटली की आम्ही पुरुष समोरच्याची चूक काढतो. मी म्हणालो, “आधी तू ती मिश्री सोड! तो भाजलेला तंबाखूच आहे. दातासाठी म्हणून लावतेस आणि दिवसात चार वेळा घोळतेस.” विड्या वळणाऱ्या बायांच्या या गावात तंबाखू कुणाला अनोळखी नाही. आई पस्तीस वर्षं मिश्री लावत होती. तिने डबीचं झाकण शांतपणे लावलं आणि म्हणाली, “तू दाढ दाखव. मी मिश्री सोडते.”

असा करार झाला. जामीनदार म्हणून सौ. राहिली आणि संध्याकाळी दोघांनाही घेऊन दवाखान्यात गेली.

खुर्चीजवळ डॉक्टर मॅडमना पाहिलं आणि माझी दातखीळ बसली. चार महिन्यांपूर्वी याच बाई माझ्या काउंटरवर आल्या होत्या. सही जुळत नाही म्हणून मी त्यांना परत पाठवलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. आता त्यांच्या हातात आकडा होता आणि माझं तोंड उघडं होतं. त्यांनी ओळख दाखवली नाही. मला तेच जास्त भीतिदायक वाटलं.

फोटो काढला. खड्डा नसेपर्यंत गेला होता. “आता नुसतं भरून भागणार नाही,” त्या म्हणाल्या, “रूट कॅनाल करू. दाढ वाचेल.” ‘रूट कॅनाल’ या शब्दांना मी इतकी वर्षं भ्यालो त्याचं कारण त्यात ‘कॅनाल’ आहे. उजनीच्या कालव्याचं खोदकाम डोळ्यापुढे यायचं. प्रत्यक्षात आधी एक इंजेक्शन देतात, मुंगी चावल्यासारखं, आणि पाच मिनिटांत अर्धा ओठ परक्याचा होतो. दातांसाठी आज सगळीकडे वापरतात ते लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं. म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधीपासून ते माझी वाट बघत होतं, आणि मी लवंगा चघळत होतो. मग दाढेतली सडकी नस काढतात, केसाएवढ्या बारीक कानशींनी मुळांमधल्या नळ्या साफ करतात आणि त्यात गटापर्चा नावाचा चीक भरतात. हा मलायाकडच्या झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून तारायंत्राच्या तारा नेल्या, तेव्हा त्यांच्यावर याचंच आवरण असायचं. माझ्या दाढेतली तार कापली आणि तारेवरचा चीक तिथे भरला. तेव्हापासून त्या बाजूची तार आलेली नाही.

तीन खेपा झाल्या. अशी दाढ ठिसूळ होते म्हणून शेवटच्या खेपेला तिच्यावर टोपी बसवायची होती. मॅडमनी निळा कार्बन कागद दातांमध्ये धरला. “चावा.” मी चावलं. त्यांनी टोपी काढून घासली. “चावा.” पुन्हा काढली. “जुळत नाही.” पुन्हा घासली. तिसऱ्यांदा “जुळत नाही” म्हणाल्या आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले. “काय साहेब, तीन वेळा झालं ना? आता जुळलं.” कार्बन कागद आमच्या शाखेतून कधीच हद्दपार झाला, तो माझ्या तोंडातून सूड घेईल असं वाटलं नव्हतं.

पण खरी खेप पहिल्या दिवसाचीच होती. माझं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, “आता आजी.” आई म्हणाली, “मला काही होत नाही.” तरी बसली. गालाच्या आतल्या बाजूला, जिथे मिश्री घोळायची तिथे, एक पांढरा चट्टा होता. मॅडमनी तो कापसाने पुसून पाहिला. पुसला गेला नाही. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “असे सगळे चट्टे वाईट नसतात. पण काही पुढे वाईट होतात. तंबाखू आजपासून बंद. तीन आठवड्यांनी परत बघू. तेव्हाही असाच असला, तर तुकडा काढून तपासायला पाठवू.”

त्यांचं ‘बघू’ आमच्या ‘बघू’सारखं नव्हतं. त्यांनी तारीख लिहून दिली.

ते तीन आठवडे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आई मात्र करार पाळणारी बाई. डबी फेकायला तिचा हात होईना. तिने ती माझ्या हातावर ठेवली. “ठेव तुझ्या बँकेत.” पहिला आठवडा ती सगळ्यांवर खेकसली. दुसऱ्या आठवड्यात पहाटे चार वाजता उठून भांडी घासली, घासलेलीच. मी रात्री झोपताना ब्रश करायला लागलो, कारण बाथरूमच्या दारात ती उभी राहून बघायची, आणि मी झालो की स्वतः ब्रश घ्यायची. सत्तरीत पहिल्यांदा. रात्रीचा ब्रश महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं, हे मॅडमनी सांगितलं होतं. आईने ते एवढंच लक्षात ठेवलं, “रातच्याला चोर येतात.”

तीन आठवड्यांनी चट्टा फिका झाला होता. “सुधारतोय. आत्ता तुकडा काढायला नको, महिन्याने पुन्हा दाखवा,” मॅडम म्हणाल्या. त्या खेपेला चट्टा नव्हता. “दर सहा महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही,” त्यांनी बजावलं. रिक्षात आई बराच वेळ सिद्धेश्वर तलावाकडे बघत होती. मग म्हणाली, “ती डबी हाय का रं?”

माझ्या पोटात गोळा आला. “आहे. मुदत ठेवीत.”

“मोड आणि फेक,” ती म्हणाली.

आता चिरंजीव. जेवला नाही की ‘दातांच्या डॉक्टरकडे नेईन हं’ अशी दमदाटी मी त्याला जन्मापासून केलेली. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा रागावल्या. “मला बागुलबुवा करू नका. मग तोही तुमच्यासारखा दोन वर्षं भात खाईल.” सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप एक दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून आईबापांना वाटतं, हीही दुधाचीच, पडेल आपली. ती पडत नाही. ती जन्माची सोबतीण असते. चिरंजीवांच्या त्या दाढेवर काळा ठिपका होता. मॅडमनी त्याच्या हातात आरसा दिला, खुर्ची वरखाली करून गड्ड्यावरच्या पाळण्यासारखी फिरवली, आणि पाळणा थांबायच्या आत ठिपका भरून टाकला. आठशे रुपये. माझा ठिपका भरला नाही म्हणून टोपीसकट साडेसात हजार गेले. दोन वर्षांत आठशेचे साडेसात हजार, हा दर मी सावकाराकडेही पाहिलेला नाही. विमा? बहुतेक आरोग्य विम्यांच्या कागदांत दात हा माणसाचा अवयव धरत नाहीत. अपघातात पडला तरच तो तुमचा.

आता घरात पाच ब्रश आहेत, पाच रंगांचे. दर तीन महिन्यांनी बदलायचे. पेस्ट जाहिरातीतल्यासारखी लाटेएवढी घ्यायची नाही, वाटाण्याएवढी पुरते. सौ. रोज रात्री हजेरी घेते. मी सही करून दाखवतो, म्हणजे दात.

टोपी बसवली त्या रविवारी सौ.ने ताटात कडक भाकरी वाढली. कुणी काही बोललं नाही. मी तुकडा मोडला, डाव्या बाजूला धरला, डोळे मिटले आणि चावलं.

कट्.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. आई दारात आली. “आला आवाज,” म्हणाली आणि हसली. हात ओला होता म्हणून असेल, पण तोंडावर धरला नाही. तिचे काळे दात सगळे दिसले. कन्येने फोटो काढला. मीही त्यात आहे, तोंडभर भाकरी आणि दोन्ही हात ताटात.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, “आई, खलबत्ता माळ्यावर ठेवू का आता?”

“राहू दे खाली,” ती म्हणाली. “मिक्सरात शेंगाची चटणी चांगली होत नाही.”